बाद रुळांचा चोर

"आजपासून या रेल्वेच्या इतिहासाचे दोनच भाग पडतील!" लाकडी पेटीवर उभं राहून फौजदारने जाहीर केलं. "एक, आपण येण्यापूर्वीचा. आणि दोन, आपण आल्यानंतरचा!"

"भाषण संपलं असेल तर खाली उतर," आजोबा म्हणाले. "त्या पेटीत खिळे आहेत. मला खिळे हवेत."

इतिहासाचा दुसरा भाग मुकाट्याने पेटीवरून खाली उतरला.

फौजदार म्हणजे आजोबांची तेरा वर्षांची नात. पोलिसात तिच्या घरचं कुणीही नव्हतं, पण हुकूम सोडायची सवय जन्मजात होती. तिच्या हुकुमाखाली सुट्टीपुरते तीन शिपाई होते. पहिला भोंगा. तो कानात कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीतले लोक 'काय म्हणालास?' असं विचारत. दुसरा शंक्या. सूर्य उगवला असं कुणी म्हटलं, तर हा विचारायचा, "कशावरून?" आणि तिसरी फौजदारची सात वर्षांची धाकटी बहीण. ताई जाईल तिथे ती मागोमाग जायची, म्हणून तिचं नाव शेपूट.

रेल्वेही त्यांच्याच मापाची होती. दोन रुळांत अंतर इतकं कमी, की एका रुळावर एक पाय आणि दुसऱ्यावर दुसरा ठेवून भोंगा आरामात उभा राही. तीस वर्षं ती बंद पडली होती. आता एका मंडळाने ती पुन्हा सुरू करायचं मनावर घेतलं होतं. मंडळाच्या अध्यक्षांना सगळ्या विषयांतलं सगळं कळत असे. रेल्वेचा तेवढा अजून नंबर लागला नव्हता.

अडचण एकच होती. इतके बारीक रूळ आता जगात कुणी बनवत नव्हतं. म्हणून बोगद्याकडचे, कधीच वापरात न येणारे जुने रूळ उपटायचे आणि स्टेशनपासून पुलापर्यंत नव्याने टाकायचे, असं ठरलं. हवे होते एकशे चौसष्ट. हे काम येणारा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे चाळीस वर्षं मुकादमी करून घरी बसलेले आजोबा.

आजोबांची पद्धत साधी होती. उपटलेला रूळ दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवायचा, हातोड्याने एक टोला द्यायचा आणि उजवा कान पुढे करायचा. डावा कान दोन वर्षांपूर्वीच सेवानिवृत्त झाला होता. 'टण्ण' वाजला की पास! पास झालेल्या रुळावर पांढऱ्या रंगाने नंबर पडे. 'ठप्प' वाजला की बाद. म्हणजे आत कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना दिसो न दिसो.

"आणि एका बाजूने झिजलेला असला तर?" शंक्याने विचारलं होतं.

"मग तो फिरवून घालायचा. झिजलेली कड बाहेर, कोरी कड आत. आणखी चाळीस वर्षं काढतो. माणसांनाही अशी सोय हवी होती. पण माणसं फिरून बसायला तयार होत नाहीत."

मुलांकडेही कामं होती. वाकडे खिळे ऐरणीवर ठोकून सरळ करायचे, रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरच्या भोकांत खुंट्या ठोकायच्या, म्हणजे नवा खिळा घट्ट बसतो. उरलेल्या वेळात शाळेचा सुट्टीचा प्रकल्प करायचा होता. विषय, 'पानांचे ठसे'. पानावर कागद ठेवायचा आणि वरून पेन्सिल घासायची.

"पानं वाळतात, लोखंड वाळत नाही," शंक्या म्हणाला आणि त्याने पाण्याच्या टाकीमागे ठेवलेल्या बाद रुळांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक रुळाच्या अंगावर कारखान्याचं नाव आणि साल उठावदार अक्षरांत ओतलेलं होतं. एकावर सालाचा शेवटचा आकडा झिजलेला, एकावर एक अक्षर उलटं बसलेलं, तर एकावर गंजाने नेमका नावाच्या मधोमध खड्डा पाडलेला. शंक्याच्या वहीत नऊ बाद रुळांचे नऊ ठसे जमा झाले. पाठीवर तारीख, खाली सही.

मग शेवटचा रूळ बसला. एकशे चौसष्ट हवे होते, एकशे चौसष्टच पास झाले होते. एक कमी नाही, एक जास्त नाही. रविवारी सकाळी तपासणी आणि संध्याकाळी चारला उद्घाटन! अध्यक्षांच्या हुकुमावरून सगळ्या रुळांच्या अंगाला काळा रंग फासण्यात आला. स्टेशनच्या तोंडाशी सोनेरी कमान उभी राहिली. एकूण काय, रेल्वे वरातीला निघाल्यासारखी दिसू लागली.

शुक्रवारी सकाळी शेपटीने वर्दी दिली.

"ताई, टाकीमागे सहाच रूळ आहेत."

"नऊ आहेत."

"मी तीनदा मोजले. सहा, सहा आणि सहा."

चौघं धावले. खरंच सहा!

"चोरी!" भोंगा म्हणाला. चार कबुतरं उडाली.

"कशावरून?" शंक्या म्हणाला. "सगळं आवार सोडून कुठला चोर बाद रूळ नेईल?"

"भंगारवाला!"

"भंगारवाला असता तर नऊच्या नऊ नेले असते. वर सुपरवायझरची खुर्चीही नेली असती."

मंडळाने कामावर नेमलेला सुपरवायझर त्याच खुर्चीत बसून यादीवर खुणा करत होता. मुलांचं ऐकून आजोबाच त्याच्याकडे गेले. मुलं मागे उभी राहिली.

"तीन बाद रूळ दिसत नाहीत," आजोबा म्हणाले.

सुपरवायझरने मान वर केली नाही. "सहाच होते, आजोबा."

"नऊ होते."

"अहो, सहा! कानाचं एक वेळ समजू शकतो. आता मोजण्याचंही झालं का?"

आजोबा मागे फिरले. बाकावर जाऊन बसले आणि हातोडा शेजारी ठेवून दिला. तो त्यांनी कामाच्या वेळात खाली ठेवलेला मुलांनी कधी पाहिला नव्हता.

"आजोबा, नऊच होते!" फौजदार म्हणाली.

"असतील. नसतीलही." आजोबा रुळांकडे बघत राहिले. "रविवारी तपासनीस बाई येणार. वहीत मला लिहून द्यायचंय, की प्रत्येक रूळ मी वाजवून घेतलाय. माझ्या सहीवर गाडी सुटणार, पोरी. तुमच्यासारखी पोरं त्यात बसणार. सहा आणि नऊ मला कळत नसतील, तर टण्ण आणि ठप्प तरी कळलं होतं कशावरून?"

'कशावरून' हा शब्द शंक्याला पहिल्यांदाच आवडला नाही.

"मी सही करणार नाही," आजोबा म्हणाले. "बाईंना सांगतो, दुसरा माणूस बघा. मी घरी बसतो."

टाकीमागे तातडीची बैठक भरली. शंक्याने नऊ कागद जमिनीवर पसरले.

"आधी माझीच शंका. एकाच रुळाचा ठसा मी दोनदा घेतला असेन तर?"

नऊ कागद ताडून पाहिले. नऊ तऱ्हा! मग एकेक कागद उरलेल्या सहा रुळांना लावून पाहिला. सहा जुळले. हातात तीन उरले: झिजलेला आकडा, उलटं अक्षर आणि गंजाचा खड्डा.

"म्हणजे आजोबा बरोबर होते!" भोंगा म्हणाला.

"हळू!"

"हळूच म्हणालो!"

"आता विचार करा," फौजदार पेटी नसल्यामुळे एका दगडावर उभी राहिली. "पास रूळ एकशे चौसष्ट. त्यांतले तीन कमी पडले आणि कुणीतरी गुपचूप बाद ढिगातून भर घातली, तर?"

"तर ते शेवटी कमी पडले असणार," शंक्या हळूहळू म्हणाला, "आणि शेवटीच बसवले असणार. म्हणजे पुलाजवळ!"

भोंगा हातोडी घेऊन पळाला. पुलाजवळच्या एका रुळावर त्याने टोला दिला. ठप्प! "सापडला!" शेजारच्यावर दिला. ठप्प! त्याच्या अलीकडच्यावर, ठप्प! दहा रूळ वाजवले, दहाही ठप्प.

"सगळेच बाद?" भोंग्याचा चेहरा पडला.

"अरे, ते खिळ्यांनी आवळलेत आणि खडीत रुतलेत," फौजदार म्हणाली. "तुला गळ्यापर्यंत वाळूत पुरलं, तर तुझाही आवाज बसेल."

या कल्पनेवर सगळ्यांनी क्षणभर गंभीरपणे विचार केला.

पांढरे नंबर काळ्या रंगाखाली गेले होते. पण उठावदार अक्षरं रंगाने झाकली जातात थोडीच? शंक्याने कागद लावला आणि पेन्सिल घासली. पहिला रूळ, नाही. दुसरा, नाही. पाचव्या रुळावर कागदातून एक अक्षर वर आलं. उलटं!

"काय चाललंय तिकडे?" सुपरवायझर खडीतून खडखडत येत होता.

"सुट्टीचा प्रकल्प आहे, काका," फौजदार म्हणाली. "पानांचे ठसे."

"इथे पानं कुठे आहेत?"

"तीच शोधतोय."

सुपरवायझरने रुळांकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला आणि "ऊन लागेल, घरी जा," असं म्हणून स्वतःच निघून गेला.

अर्ध्या तासात उरलेले दोन्ही सापडले. तिन्ही पुलाच्या अगदी तोंडाशी होते.

"चला, आजोबांना सांगू!" भोंगा उठला.

"थांब. चांगले तीन कुठे आहेत?" शंक्या म्हणाला. "ते सापडले नाहीत, तर सुपरवायझर म्हणेल, पासच एकशे एकसष्ट झाले होते, आजोबांनी मोजायला चूक केली."

शुक्रवारची दुपार आणि अख्खा शनिवार शोधण्यात गेला. शेडमध्ये पाहिलं, डब्यांखाली पाहिलं, फलाटाच्या कडेने वाकून पाहिलं. सोळा फुटांचा रूळ काही खिशात घालून नेता येत नाही. तरी पत्ता नाही! शेवटी चौघं सोनेरी कमानीखाली बसून बिस्किटं खाऊ लागले. शेपूट बिस्किटासकट उताणी पडली होती.

"ताई," ती म्हणाली, "रूळ उभे राहतात का?"

"वेडी आहेस का? रूळ कसे..."

फौजदारचं वाक्य तिथेच थांबलं. चौघांच्या माना एकदमच वर गेल्या. बुडाशी तेवढे रोवलेले, बाकी मोकळे असे दोन उभे खांब आणि वर एक आडवी तुळई. सोनेरी रंग, कागदी फुलं आणि मधोमध 'सुस्वागतम्'.

भोंग्याने तोंड उघडलं. फौजदारने त्यात बिस्कीट कोंबलं.

"आता तरी आजोबांना सांगायचं ना?" शंक्याने विचारलं.

"नाही. आपण सांगितलं तर त्यांचा आपल्यावर विश्वास बसेल, स्वतःच्या कानावर नाही. सांगायचं नाही. ऐकवायचं!"

रविवारी सकाळी तपासनीस बाई आल्या. बुटकी मूर्ती, जाड तळव्यांचे बूट आणि हातात वही. अध्यक्ष कमानीखाली त्यांच्या स्वागताला उभे होते.

"मॅडम, ही केवळ रेल्वे नाही! हा भूतकाळ आणि भविष्यकाळ यांना जोडणारा..."

"रूळ कुणी तपासले?" बाईंनी विचारलं.

आजोबा दूर बाकावर बसले होते. ते उठणार एवढ्यात फौजदार पुढे झाली. "बाई, सहीआधी हे बघा." तिने एकाखाली एक असे सहा कागद धरले. वर टाकीमागचे तीन ठसे, खाली पुलाजवळचे तीन. आकडा, अक्षर आणि खड्डा, सगळं तंतोतंत. "हे तीन रूळ मुकादमांनी बाद केले होते. आता ते पुलाच्या तोंडाशी आहेत."

सुपरवायझरचा चेहरा रुळांना फासलेल्या रंगाच्या जवळ गेला. "चित्रकलेचे कागद आहेत हो! आणि समजा असले तेच रूळ, तरी काय झालं? दिसतोय का कुठे तडा? मुकादमांना नीट ऐकू येत नाही. ज्या कानाने ते बाद केले, तो कानच बाद आहे!"

"अगदी बरोबर," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी कागद बघितलेही नव्हते.

बाईंनी वही मिटली. "मग कानाचीच तपासणी करू. मुकादम, पाठ करून उभे राहा."

आजोबा पाठ करून उभे राहिले, दोन्ही हात मागे घट्ट बांधून. शेपटीने बाकावरचा हातोडा उचलला. तो तिच्या हाताहून जड होता, म्हणून तिने दोन्ही हातांनी धरला. टाकीमागचा एक रूळ ठोकळ्यांवर ठेवलेला होताच.

ठप्प.

"बाद," आजोबा म्हणाले. "उजव्या टोकाकडे तडा असेल."

शेपूट धावत फलाटावर गेली आणि तिथे टांगलेल्या लोखंडी तुकड्यावर तिने टोला दिला.

"ही स्टेशनची घंटा, बाई. फसवू नका, गाडीला अजून वेळ आहे."

सगळे हसले. आजोबांनी मागे बांधलेले हात सोडले. शेपटीने फौजदारकडे पाहिलं. फौजदारने मान हलवली. शेपूट कमानीपाशी गेली, हातोडा खांद्यावरून मागे नेला आणि...

टण्ण्ण!

कागदी फुलं थरथरली. 'सुस्वागतम्'मधला 'म्' अध्यक्षांच्या डोक्यावर पडला.

भोंग्याने श्वास रोखला होता. आजोबांनी उजवा कान किंचित वळवला. "पुन्हा."

टण्ण्ण!

आजोबा गर्रकन फिरले. तरातरा चालत कमानीपाशी आले आणि खांबावर हात ठेवून म्हणाले, "हा पास केलेला रूळ आहे. माझा आहे! मी याला आडवा सोडला होता. उभा कुणी केला?"

शंक्या पत्र्याचा तुकडा घेऊन तयारच होता. त्याने सोनेरी रंग खरवडला. खाली पांढरा आकडा निघाला: १६४. दुसऱ्या खांबावर १६३.

"आणि १६२ कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी वर पाहिलं.

बाई तडक पुलाकडे निघाल्या. त्यांच्या हुकुमावरून उलट्या अक्षराच्या रुळाचे नटबोल्ट सोडले आणि सांध्यावरची पट्टी काढली. पट्टीखाली, बोल्टच्या भोकापासून निघालेला, केसाएवढा बारीक आणि बोटाएवढा लांब तडा होता. पट्टी लावली की तो दिसायचाही बंद होत होता.

"गाडी पुलावर चढताना..." म्हणत बाईंनी पुलाखाली बोट दाखवलं. ओढ्यातल्या दगडांकडे सगळ्यांनी एकदा वाकून पाहिलं.

सुपरवायझर खडीवरच मटकन बसला. "साहेब म्हणाले, कमान अशी हवी की पाहुण्यांच्या माना वर गेल्या पाहिजेत. ढिगातले वरचे तीन घ्या, कोण बघतंय! शेवटी तीन कमी पडले. सांगायला गेलो, तर साहेब भाषण पाठ करत होते. मग मीच रात्री टाकीमागचे तीन आणून बसवले... आजोबा, सहाच होते असं मी खोटं बोललो. चुकलं माझं."

"मी फक्त रूळ म्हणालो होतो," अध्यक्ष म्हणाले. "चांगले रूळ असं म्हणालो नव्हतो."

"म्हणजे कमान भक्कम होती आणि गाडी देवाच्या भरवशावर," बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग त्या आजोबांकडे वळल्या. "मुकादम, तुमचा एक कान आमच्या सगळ्या यंत्रांना भारी आहे. तिन्ही रूळ बदला. आज गाडी सुटेल ती तुमच्या सहीने. आणि मुलांनो, हे ठसे मला हवेत. माझ्या कार्यालयात पानांचे नाही, यांचे लावणार आहे."

"त्याखाली नावं..." शंक्याने सुचवलं.

"लिहीन. चौघांचीही."

कमान उतरवली गेली. ज्या कमानीखालून पाहुणे येणार होते, ती आता त्यांच्या गाडीखाली जायला निघाली. एका रुळाची कड झिजलेली होती. आजोबांनी तो फिरवून घालायला सांगितला. सुपरवायझर न सांगता पहार घेऊन पुढे झाला. आजोबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "कंबर वाकवून नाही रे, गुडघ्यातून उचल." म्हणजे माफ झालं होतं.

चार वाजता पाहुणे आले. तीनपैकी दोन रूळ बसले होते, तिसरा बसत होता. सगळी गर्दी पुलाजवळ काम बघायला लोटली. इंजिन मागे उभं राहून वाफ सोडत होतं. गर्दी दिसली की अध्यक्षांना भाषण सुटे, आणि उंच जागा दिसली की ते तिच्यावर चढत. एक लाकडी पेटी पडलेली होती. ते तिच्यावर चढले.

"बंधुभगिनींनो! आज या भूमीवर इतिहास उभा आहे! आमच्या मंडळाने पहिल्यापासून एकच धोरण ठेवलं, जुन्या रुळांवर आणि जुन्या माणसांवर विश्वास! या चार बालवीरांनी जी तीक्ष्ण बुद्धी दाखवली, तिला मी मुद्दामच वाव दिला होता!"

टाळ्या झाल्या. भोंग्याने "बालवीर कुणाला म्हणतात हे?" असं हळूच विचारलं आणि मागच्या रांगेतूनही हसू आलं.

"आणि आता," अध्यक्षांनी दोन्ही हात पसरले, "ज्यांच्या कानाने आज शेकडो प्राण वाचवले, त्या आमच्या थोर मुकादमांना विनंती करतो, त्यांनी या ऐतिहासिक क्षणी भावी पिढीला दोन शब्दांचा संदेश द्यावा!"

सगळी गर्दी आजोबांकडे वळली. इंजिनही क्षणभर फुसफुसायचं थांबलं. आजोबा रुळाशेजारी गुडघ्यांवर बसलेले होते. त्यांनी हातोडा टेकवून मान वर केली.

"जरा खाली उतरता का?" ते म्हणाले. "चार खिळे हवेत."